सेमाफोर म्हणजे नुसती खूण नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकाच्या जुन्या गोष्टी सांगणारं सदर येतं. ते मी पहिल्या लेखापासून वाचतो आहे. मागच्या रविवारी विषय होता ‘सेमाफोर’, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना एकच गोष्ट एकमेकांच्या अंगावर न जाता वापरू देणारी संगणकातली युक्ती. माझी नात इथेच चिपळुणात राहून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. तिने त्या लेखाचं कात्रण वर्गातल्या फलकावर लावलं. ते तिथे साठ मुलं वाचणार, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. लेखात तीन चुका आहेत. त्यातली एक अशी आहे, की ती खरी मानून कुणी प्रोग्रॅम लिहिला तर गरिबाच्या पैशाचा घोळ होतो. असा घोळ मी स्वतः निस्तरला आहे.

लेख म्हणतो, सेमाफोर ही झेंड्यासारखी एक खूण. प्रोग्रॅम ती बघतो, मोकळी दिसली की आत शिरतो आणि मग खूण लाल करतो. पुढे म्हणतो, ही कल्पना अमेरिकेत युनिक्स ही कार्यप्रणाली (संगणकाची सगळी कामं सांभाळणारा मूळ प्रोग्रॅम) तयार होत असताना निघाली. आणि सेमाफोरवरच्या दोन क्रियांची ‘पी’ आणि ‘व्ही’ ही नावं इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत.

शेवटच्या दोन चुका आधी उरकतो. युनिक्सचं काम सुरू झालं १९६९ मध्ये. सेमाफोर त्याच्या निदान चार-पाच वर्षं आधीचा, आणि तो हॉलंडमधला. एड्सगर डाइक्स्ट्रा हे तिथले संगणकशास्त्रज्ञ १९६२ मध्ये आइंडहोवेनच्या तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाले. इलेक्ट्रॉलॉजिका कंपनीच्या ‘एक्स ८’ या यंत्रावर एका वेळी अनेक कामं कशी चालवायची, या खटपटीत त्यांना हे सुचलं. ते आपली टिपणं क्रमांक घालून ओळखीच्यांना वाटत. त्यातल्या ७४ क्रमांकाच्या टिपणाचं डच नाव आहे ‘ओव्हर सैनपालन’, म्हणजे ‘सिग्नलच्या खांबांविषयी’. ‘सैन’ म्हणजे सिग्नल, ‘पाल’ म्हणजे खांब. रेल्वेचाच खांब! एका आधीच्या टिपणात तर त्यांनी स्पष्टच लिहिलं आहे की शब्द रेल्वेच्या सिग्नलांवरून घेतले आहेत. तिथे पी म्हणजे ‘पासेरिंग’, पुढे जाणं, आणि व्ही म्हणजे ‘व्ह्रेइगावे’, मोकळं करणं. नंतर व्ही म्हणजे ‘व्हेरहोगन’, वाढवणं, असं झालं. आणि पी साठी त्यांनी ‘प्रोबेर ते व्हेरलागन’, कमी करून बघ, यावरून ‘प्रोलाग’ असा एक शब्दच घडवला. इंग्रजीचा इथे काहीही संबंध नाही. मुलं ही दोन अक्षरं अर्थ माहीत नसताना घोकतात, याचं मला फार वाईट वाटतं. अर्थ सांगायला एक मिनिट लागतं.

आता पहिल्या चुकीकडे वळतो. खरी ती.

माझं मूळ गाव दाभोळच्या खाडीकाठी. निवृत्तीनंतर तिथल्या एका छोट्या पतसंस्थेचा मी काही वर्षं खजिनदार होतो. संस्थेने संगणक घेतले, दोन खिडक्या केल्या. एके दिवशी दुपारी मासळी विकणारी एक मावशी पासबुक घेऊन परत आली. “मास्तर, हे जरा बघा. मी पैसे काढले नि हितं वाढलेलं दाखवतंय.” पासबुकात शिल्लक ९,२०० रुपये छापलेली. सकाळी होते ८,०००. तिने जाळ्याच्या सामानासाठी ५,००० काढले होते आणि त्याच वेळी दुसऱ्या खिडकीवरचा मुलगा सभासदांचा लाभांश जमा करत बसला होता. तिचे १,२०० होते. शिल्लक हवी होती ४,२००.

घडलं असं. पहिल्या खिडकीच्या प्रोग्रॅमने खातं वाचलं: ८,०००. दुसऱ्या खिडकीच्या प्रोग्रॅमनेही वाचलं: ८,०००. पहिल्याने ५,००० वजा करून ३,००० लिहिले. दुसऱ्याच्या हातात जुनाच आकडा होता, त्याने त्यात १,२०० मिळवून ९,२०० लिहिले आणि पहिल्याचं लिहिलेलं पुसलं गेलं. दोघांनीही आपापलं गणित बरोबर केलं होतं. प्रोग्रॅम करून देणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, खात्यावर खूण ठेवली आहे, दुसरं कुणी उघडलेलं नसेल तरच खातं उघडतं. मी म्हटलं, खूण बघणं आणि खूण लावणं यांच्या मधे किती वेळ जातो? तो म्हणाला, काहीच नाही, क्षणसुद्धा नाही.

तो क्षणच सगळा घात करतो. दोन्ही खिडक्यांनी खूण बघितली, दोघींनाही मोकळी दिसली, मग दोघींनी लावली. आपल्या लेखातलं वर्णन तंतोतंत हेच आहे. त्याला सेमाफोर म्हणत नाहीत. ज्या दुखण्यावर डाइक्स्ट्रांनी औषध शोधलं, ते दुखणं म्हणजे हे.

मी आयुष्यभर रेल्वेत स्टेशन मास्तर होतो. सुरुवातीची बरीच वर्षं देशावरच्या एका एकेरी मार्गावर काढली. कोकण रेल्वे आली तीच दिव्यांचे सिग्नल घेऊन, त्यामुळे इथल्या मुलांनी हाताचा सिग्नल पाहिलेला नसतो. उंच खांब, त्याला तांबडा हात, हातावर पांढरा पट्टा. हात आडवा म्हणजे थांब. खाली कलला म्हणजे ये. ‘सिग्नल पडला’ हा शब्द आपल्या बोलीत आला तो त्यावरून. तार तुटली तर वजनाने हात आपोआप आडवा होई, म्हणजे बिघाड झालाच तर गाडी थांबण्याच्या बाजूने. संध्याकाळी दिवेवाला शिडीने चढून रॉकेलचा दिवा लावून यायचा.

पण एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ न देण्याचं काम एकट्या खांबाचं नव्हे. ते काम गोळ्याचं. मास्तरच्या टेबलाशी लाल रंगाचं एक यंत्र असे, त्याच्या पोटात पोलादी गोळे. तसंच यंत्र पुढच्या स्टेशनात. दोन्ही तारेने जोडलेली. गाडी सोडायची तर मी घंटी देऊन पलीकडच्या मास्तरकडे लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पाठवायची परवानगी, मागायची. त्याने आपल्या बाजूने बटण दाबून धरलं तरच माझ्या यंत्राचा दांडा फिरे आणि खाली खळ्ळकन एक गोळा पडे. एकदा गोळा पडला की दोन्ही यंत्रं कुलूपबंद. तो गोळा पुढच्या स्टेशनच्या यंत्रात जाईपर्यंत, किंवा माझ्याच यंत्रात परत येईपर्यंत, दोन्हीकडून दुसरा निघणं शक्य नाही; मास्तर झोपेत असो, घाईत असो, नवखा असो. गोळ्यावर त्या दोन स्टेशनांची खूण कोरलेली, आणि शेजारच्या सेक्शनच्या, म्हणजे पुढच्या दोन स्टेशनांमधल्या मार्गाच्या, यंत्रात तो बसूच नये अशी त्याची घडण.

म्हणजे ‘लाइन मोकळी आहे का’ हे बघणं आणि ‘लाइन मी घेतली’ हे करणं, या दोन क्रिया यंत्राने एक करून टाकल्या होत्या. मधे कुणी शिरायला फटच नव्हती. डाइक्स्ट्रांनी नाव खांबाचं दिलं, पण त्यांच्या सेमाफोरची करणी या गोळ्याची आहे, असं माझं पक्कं मत आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात माझी नियमपुस्तकं वाशिष्ठीच्या चिखलात गेली. तरी त्या दांड्याचा फिरताना लागणारा जोर अजून मनगटात आहे.

अशी यंत्रं उगाच नाही आली. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि पंचवीस माणसं गेली. एक गाडी नॉर्विचहून सुटायची होती, दुसरी पलीकडच्या स्टेशनात थांबायची होती. ‘तिकडची गाडी पुढे पाठवा’ ही तार अधिकाऱ्याची सही व्हायच्या आधीच तारबाबूने पाठवली, आणि इकडे नॉर्विचची गाडीही सोडली गेली. चूक लक्षात येताच दुसरी तार गेली, पण तोवर पलीकडची गाडी सुटली होती. बघणारा एक, सांगणारा एक, पाठवणारा तिसरा, आणि मधल्या फटीत पंचवीस जीव. यानंतर एडवर्ड टायर यांनी विजेच्या कुलपाचं टॅब्लेट यंत्र काढलं. आमचा गोळा त्याच कुळातला.

संगणकात ही फट आली कुठून, तेही लेखात यायला हवं होतं. कारण सुरुवातीच्या यंत्रांत ती नव्हतीच. एक यंत्र, एक प्रोग्रॅम, एकामागून एक सूचना. छापणारं यंत्र सावकाश चालतंय तर संगणक त्याची वाट बघत बसे. डाइक्स्ट्रा १९५० च्या दशकात ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात होते. तिथे ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्कोल्टन यांनी ‘एक्स १’ या नव्या यंत्रात एक सोय घालायचं ठरवलं: बाहेरचं उपकरण आपलं काम झालं की यंत्राला मधेच हाक मारील, यंत्र हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघेल आणि परत येईल. याला इंटरप्ट म्हणतात. यंत्राचा वेळ वाचणार होता. पण ही हाक कुठल्या दोन सूचनांच्या मधे येईल याचा नेम नाही. त्यामुळे चूक झाली तर ती पुन्हा तशीच घडवून बघता येणार नाही. डाइक्स्ट्रांनी पुढे आठवणींत लिहिलं आहे की या कल्पनेने ते घाबरले आणि त्यांनी आधी विरोध केला. मग त्यांनीच ते काम अंगावर घेतलं. १९५९ चा त्यांचा प्रबंध यातूनच आला.

आमच्या पतसंस्थेत तो घोळ पुन्हा घडवून बघायला आम्ही दोन दिवस बसलो होतो. शंभर वेळा केलं, शंभर वेळा हिशोब बरोबर. तेव्हा त्या माणसाची भीती मला पुरती कळली.

नंतर प्रश्न असा पडला: दोन प्रोग्रॅम आपापल्या गतीने चालले आहेत, दोघांना एकच जागा वापरायची आहे, आणि यंत्राकडून एवढीच हमी आहे की एका वेळी एकच जण स्मृतीतल्या एका कप्प्यात वाचील किंवा लिहील. तर दोघे एकदम आत शिरणार नाहीत अशी व्यवस्था करता येईल का? हॉलंडचेच टी. जे. डेकर यांनी दोघांसाठी ती करून दाखवली. कितीही जणांसाठीची रीत डाइक्स्ट्रांनी १९६५ मध्ये छापली, जेमतेम एका पानात. बुद्धीचं काम म्हणून थक्क व्हावं असंच आहे. पण त्यात एक उणीव राहिली. ज्याला आत जायचं आहे तो दाराशी उभा राहून पुन्हा पुन्हा विचारत राहतो: झालं का, झालं का? प्रत्येक वेळी विचारायला यंत्राचा वेळ जातो, आणि तोही आत असलेल्याच्या कामातून.

सेमाफोरने या दोन्ही गोष्टी एकदम सोडवल्या. सेमाफोर हा एक पूर्णांक असतो आणि त्याच्यावर दोनच क्रिया करता येतात. पी केलं की आकडा एकाने उतरतो; उतरून शून्याखाली गेला तर पी करणारा प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि त्याचं नाव प्रतीक्षायादीत जातं. व्ही केलं की आकडा एकाने चढतो. कुणी थांबलेलं असेल तर त्यातल्या एकाला उठवलं जातं. आकडा उणे दोन म्हणजे दोघे थांबले आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पी काय किंवा व्ही काय, अखंड क्रिया आहे. सुरू झाली की संपेपर्यंत मधे कुणी येऊ शकत नाही. एकच प्रोसेसर (सूचना पाळणारा यंत्राचा भाग) असेल तर तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद करून हे साधतं. प्रोसेसर अनेक असतील तर यंत्रातच वाचणं आणि लिहिणं एका झटक्यात करणारी सूचना लागते. आयबीएम कंपनीच्या सिस्टिम ३६० या यंत्रांमध्ये १९६४ पासून ती होती.

थांबणाऱ्याचं थांबणं बघा. आपली दिवा स्टेशनाची पॅसेंजर क्रॉसिंगला उभी राहते, तेव्हा ड्रायव्हर दर मिनिटाला स्टेशनात येऊन ‘सोडू का’ असं विचारत नाही. गाडी उभी, लोक उतरून वडापाव खातात, कुणी डुलकी काढतं. समोरची गाडी येऊन गेली, सिग्नल मिळाला, की निघायचं. थांबलेल्या प्रोग्रॅमचं तसंच. तो झोपतो आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला मोकळा होतो. हे किती मोलाचं होतं ते आकड्यात सांगतो. एक्स ८ यंत्रात स्मृतीचा एक फेरा अडीच मायक्रोसेकंदांचा आणि जास्तीचा मजकूर ठेवायच्या फिरत्या ड्रमचा एक फेरा ४० मिलिसेकंदांचा. म्हणजे ड्रमची एक गिरकी होईपर्यंत यंत्राला १६,००० वेळा स्मृतीत जाऊन येता येई. एवढा वेळ ‘झालं का’ विचारण्यात घालवणं त्या काळी कुणाला परवडणार?

सुरुवातीचा आकडा १ च असला पाहिजे असंही नाही. स्टेशनात तीन लाइनी असतील तर आकडा तीनने सुरू करा. चौथी गाडी आपोआप बाहेर थांबेल. एकाहून मोठ्या आकड्याचा किती ठिकाणी उपयोग आहे हे स्कोल्टन यांनी दाखवून दिलं, असं डाइक्स्ट्रांनी आपल्या १९६५ च्या दीर्घ निबंधात नोंदवलं आहे. ज्या माणसाने इंटरप्ट आणून झोप उडवली, त्याचाच औषधालाही हात लागला.

या पायावर आइंडहोवेनमध्ये सहा जणांनी मिळून एक्स ८ साठी कार्यप्रणाली उभी केली. तिचं नाव ‘टी. एच. ई.’, विद्यापीठाच्याच डच नावाची आद्याक्षरं. ती थरांची होती. सगळ्यात खालचा थर प्रोसेसर कुणाला द्यायचा हे बघे, त्याच्या वर ड्रम आणि स्मृती सांभाळणारा, त्यावर ऑपरेटरच्या टंकयंत्राशी बोलणारा, मग कागदी पट्ट्या वाचणारी आणि छापणारी यंत्रं, त्यावर लोकांचे प्रोग्रॅम. प्रत्येक थर खालच्यावर विसंबून, आणि सगळ्यांचा आपसातला व्यवहार सेमाफोरवर. ऑक्टोबर १९६७ मध्ये अमेरिकेतल्या गॅटलिनबर्ग इथल्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, मे १९६८ मध्ये ते छापून आलं. त्यात लिहिलं आहे की तपासणीत सापडल्या त्या फक्त किरकोळ लिहिण्याच्या चुका, साधारण ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक दहा मिनिटांच्या आत सापडली. दोन प्रोग्रॅम एकमेकांच्या अंगावर जाण्याची भयंकर चूक, जी पुन्हा घडवून बघता येत नाही, ती त्यांनी कागदावर विचार करूनच बाहेर ठेवली होती. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आदर वाटतो तो याचा.

अडकून पडण्याचा धोका मात्र सेमाफोरने जात नाही. दोन स्टेशनांच्या सगळ्या लाइनी भरल्या आणि प्रत्येकाला दुसरीकडेच गाडी पाठवायची असली, तर दोघंही एकमेकांकडे बघत बसतात. सगळ्या मार्गावरच्या गाड्यांचा क्रम ठरवणाऱ्या कंट्रोलरची खरी हुशारी तिथे लागते. एखादी गाडी आत घ्यायची की नाही हे ठरवताना, यानंतर सगळ्यांना सुटायला निदान एक क्रम उरतो का, हे तो आधी मनात मांडून बघतो. डाइक्स्ट्रांनी हाच विचार एका सावकाराच्या उदाहरणाने मांडला: कर्ज तेव्हाच द्यावं, जेव्हा दिल्यानंतरही सगळ्या कर्जदारांची कामं पुरी होतील असा क्रम शिल्लक राहील.

आणि व्ही करायचं राहून गेलं तर? याचा अनुभव मी घेतला आहे. पावसाळ्याची रात्र होती. गोळा चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला. थांबा नसलेल्या गाडीचा ड्रायव्हर चालत्या इंजिनातून जुनी रिंग खाली टाके आणि पॉइंट्समनने, म्हणजे रुळांचे सांधे बदलणाऱ्या माणसाने, मशालीच्या उजेडात उंच धरलेली नवी रिंग हातात अडकवून घेई. आमचे पॉइंट्समन वयाने मोठे, आम्ही त्यांना मामा म्हणत असू. त्या रात्री मामांच्या हातातली रिंग गेली, पण इंजिनातून काही पडलं नाही. मामा मशाल घेऊन रुळाच्या दोन्ही बाजूंना गवत चाळत गेले. सिग्नलच्या खांबापर्यंत गेले आणि परत आले. ओले, धापा टाकत. म्हणाले, “मास्तर, गोळा गेला गाडीबरोबर.” गाडी सुखरूप पुढे गेली होती, मागची लाइन मोकळी होती, मला आणि मागच्या मास्तरला दोघांनाही ते माहीत होतं. तरी यंत्र कुलूपबंद. पुढच्या स्टेशनाने गोळा उतरवून घेतला आणि परतीच्या गाडीने धाडला, त्याला दीड तास लागला. मागे एक मालगाडी आणि एक पॅसेंजर उभी. कुणाला इजा झाली नाही, पण एक गोळा परत न आल्याने सगळा सेक्शन बंद पडला.

सेमाफोर वापरणाऱ्या प्रोग्रॅमचं दुखणं हेच. पी इथे, व्ही तिथे, आणि मधल्या कुठल्यातरी वाटेने प्रोग्रॅम व्ही न करताच बाहेर पडला, की मागचे सगळे कायमचे झोपलेले. म्हणून डेन्मार्कचे पेर ब्रिंक हॅन्सन आणि इंग्लंडचे टोनी होर यांनी १९७३-७४ च्या सुमाराला ‘मॉनिटर’ नावाचा उपाय मांडला. त्यात आत शिरताना कुलूप लागणं आणि बाहेर पडताना निघणं ही जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसावर राहत नाही. पुढे रेल्वेतही गोळा हातोहात देण्याची पद्धत मागे पडली आणि रुळांवरची यंत्रंच गाडी गेल्याचं सांगू लागली.

तरी सेमाफोर गेला नाही. युनिक्सच्या ‘सिस्टिम फाइव्ह’ या आवृत्तीत तो आला, आजच्या लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यातही आहे. तिथे पी ला ‘डाउन’ म्हणतात आणि व्ही ला ‘अप’. मुलांना इथे एक सांगावं: यातला ‘डाउन’ म्हणजे सिग्नलचा हात पडणं नव्हे, आकडा उतरणं. नातीच्या एका मैत्रिणीची यात गफलत झाली होती.

आमच्या पतसंस्थेचं काय झालं तेही सांगतो. प्रोग्रॅम करणाऱ्या त्या मुलाला मी गोळ्याचं यंत्र कागदावर काढून दाखवलं. तो हुशार होता, लगेच समजला. आठवड्याभरात त्याने दुरुस्ती केली: खातं वाचतानाच कुलूप लागतं, नवा आकडा लिहून झाल्यावर उघडतं, आणि दुसरी खिडकी तोवर थांबते. मावशीचे ५,००० आम्ही तिच्यासमोर खात्यात नीट वजा करून दाखवले. ती स्वतःहून आली नसती तर संध्याकाळी रोकड जुळली नसती आणि खिडकीवरच्या पोरावर आळ आला असता.

माझी आपल्याला विनंती आहे की येत्या रविवारी याच सदरात याच जागी दुरुस्ती छापावी. पी आणि व्ही चे डच अर्थ, आइंडहोवेनचं नाव, आणि ‘बघणं व घेणं ही एकच अखंड क्रिया’ हे वाक्य त्यात यावं. बाकीचं माझं जागेअभावी गाळलंत तरी चालेल. नातीच्या वर्गाची तोंडी परीक्षा त्याच्या पुढच्या आठवड्यात आहे. फलकावर जुन्या कात्रणाच्या शेजारी तिने चार टाचण्या टोचून जागा धरून ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त स्टेशन मास्तर
चिपळूण, जि. रत्नागिरी